कॉलर बदलली, चाव्या कुणाकडे?

जुलै महिना आला की आमच्या रत्नागिरीत तीन गोष्टी एकदम सुरू असतात: पाऊस, भाताची लावणी आणि पदग्रहण समारंभ. रोटरी असो की लायन्स, या सेवाभावी क्लबांचं वर्ष १ जुलैला सुरू होतं. मग महिनाभर वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर ठरलेला फोटो. मावळते अध्यक्ष नूतन अध्यक्षांच्या गळ्यात कॉलर घालताहेत, दोघंही एकमेकांकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघताहेत, मागे बॅनर. हे वर्ष कुठे तरी लांब अमेरिकेत ठरलेलं. ज्यांची ‘सेवा’ करायची त्या गावांतल्या बाया नेमक्या त्याच दिवसांत सकाळपासून अंधार पडेपर्यंत चिखलात वाकून लावणी करत असतात. त्यांना या समारंभाला बोलवावं असं कुणाच्या मनात आलं, तरी त्यांना येता यायचं नाही.

खरं सांगायचं तर अशा समारंभांना मी फारशी कधी गेले नाही. आपल्या चळवळीतल्या बायकांना या क्लबांचं नाव निघालं की नाक मुरडायची सवयच आहे. वह्यावाटप, फोटो आणि जेवण, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण दोन वर्षांपूर्वी इथल्या एका क्लबचं आमंत्रण आलं आणि मी गेले. क्लबचं नाव सांगत नाही. त्यांच्याकडे पहिल्यांदाच बाई अध्यक्ष होणार होती. औषधांचं दुकान स्वतः चालवणारी, हिशेबाला चोख, माझ्या पंधरा वर्षांच्या ओळखीची. तिनेच फोन करून सांगितलं, “ताई, तुम्ही याच. मला कुणाची तरी वहिनी म्हणून न ओळखणारी एक तरी बाई समोर बसलेली असू दे.”

मारुती मंदिराजवळचं सभागृह, बाहेर पाऊस धो धो. पुढच्या रांगेत सगळे माजी अध्यक्ष. प्रत्येकाचं नाव घेऊन प्रत्येकाला गुलाबाचं फूल. त्यांत तिचे यजमानही होते, कारण काही वर्षांपूर्वी तेही अध्यक्ष होते. निवेदकाने तिची ओळख करून दिली ती यजमानांच्या कार्यकाळापासून. मग सासऱ्यांचा उल्लेख, मग मुलगा कुठे शिकतो ते. तिचं शिक्षण आणि दुकान शेवटच्या वाक्यात आलं. मावळत्या अध्यक्षांनी कॉलर घातली आणि माईकवर म्हणाले, “आता आपल्या या मित्राची पंचाईत, घरीही मॅडम अध्यक्ष आणि इथेही!” सभागृह हसलं. ती हसली. आणि मैत्रिणींनो, सवयीने मीही हसले. घरी येताना रिक्षात बसल्यावर त्या हसण्याचा राग आला.

थोडं मागे जाऊन बघू या, कारण या कॉलरला इतिहास आहे. पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने १९०५ मध्ये शिकागोत पहिला रोटरी क्लब काढला. बैठका आळीपाळीने एकेका सदस्याच्या कचेरीत व्हायच्या, म्हणून ‘रोटरी’, म्हणजे फिरती. जागा फिरायची, अध्यक्षपद फिरायचं, पण ते सगळं पुरुषांतल्या पुरुषांत. बायकांसाठी जागा होती ती बायको म्हणूनच. १९१४ च्या सुमारास अधिवेशनाला निघालेल्या गाडीत एका सदस्याच्या बायकोला, जिचं नाव खरोखरच अॅन होतं, ‘रोटरी अॅन’ म्हणून हाक मारली गेली आणि ते नाव जगभरच्या सदस्यांच्या बायकांना चिकटलं. आपल्याकडे अजूनही क्लबांत ‘अॅन’ म्हणायची पद्धत आहे. कुसुम असो की शकुंतला, क्लबात ती अॅन. लग्नात तांदळात नाव लिहून सासरचं नाव ठेवतात, त्याचीच ही इंग्रजी बहीण!

बायकांनी वेगळी चूलही मांडून पाहिली. १० जानेवारी १९२४ रोजी इंग्लंडमधल्या मँचेस्टरला मार्गारेट गोल्डिंग या बाईंनी रोटरी सदस्यांच्या बायकांना एकत्र करून इनरव्हील सुरू केलं. त्या स्वतः परिचारिका होत्या, व्यवसाय करत होत्या. गावोगावच्या इनरव्हीलच्या बायकांनी किती तरी चांगली कामं केली, करताहेत. पण नाव काय, तर आतलं चाक. बाहेरचं चाक कुठलं ते सांगायला नको.

दार उघडलं ते भांडून. कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे नावाच्या छोट्या गावच्या क्लबाने १९७७ मध्ये तीन बायकांना सदस्य करून घेतलं. क्लबात माणसं कमी पडत होती, एवढं साधं कारण. वरिष्ठ संघटनेने १९७८ मध्ये त्या क्लबाची सनदच काढून घेतली. क्लब गप्प बसला नाही, ‘माजी रोटरी’ असं नाव लावून त्यांनी बैठका चालू ठेवल्या आणि कोर्टात गेले. दहा वर्षांनी, ४ मे १९८७ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बाई आहे म्हणून सदस्यत्व नाकारता येणार नाही. त्याच वर्षी सिल्व्हिया व्हिटलॉक ही शाळेची मुख्याध्यापिका त्या क्लबाची अध्यक्ष झाली. लायन्सनेही १९८७ मध्येच बायकांना सदस्यत्व खुलं केलं. रोटरीने सगळ्या जगासाठी नियम बदलला १९८९ मध्ये. पुढे लायन्सच्या आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदी २०१८ मध्ये आइसलंडच्या गुद्रुन इंग्वादोत्तिर आणि रोटरीच्या २०२२ मध्ये कॅनडाच्या जेनिफर जोन्स आल्या. म्हणजे शिकागोतल्या पहिल्या बैठकीपासून सर्वांत वरच्या खुर्चीत बाई बसेपर्यंत ११७ वर्षं गेली. एवढा लांबचा प्रवास करून ती कॉलर आमच्या औषध दुकानवाल्या मैत्रिणीच्या गळ्यात आली होती. म्हणून मला ती चेष्टेवारी नेण्यासारखी गोष्ट वाटत नाही.

सप्टेंबरात, गणपती झाल्यावर, ती घरी आली. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाली, “ताई, चेकवर सही माझी लागते. पण चेकबुक कुठे असतं ते मला तीन महिन्यांत कळलेलं नाही. मागितलं की म्हणतात, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही सही घ्यायला येतो की.” मागच्या वर्षांच्या फाइली एका माजी अध्यक्षांच्या ऑफिसात. देणगीदारांची यादी दुसऱ्यांच्या डायरीत. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांशी बोलायचं तर तिसरे म्हणतात, साहेब माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत, मी बोलून घेतो. कुणीही तिच्याशी वाईट वागत नव्हतं, हे तिनेच दोनदा सांगितलं. सगळे फार अदबीने वागत होते. माझ्याकडे त्या वेळी गोळपची आमची एक म्हातारी कार्यकर्ती बसली होती, शाळेची पायरी न चढलेली. ती एवढंच म्हणाली, “सही तुजी नि कपाट त्यांचं? मग तू कसली गो अध्यक्ष बाय, तू तर अंगठा!”

ग्रामपंचायतीत आपण हे तीस वर्षांहून जास्त काळ पाहतो आहोत. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली, एक तृतीयांश जागा बायकांना मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून बसणारे ‘सरपंचपती’ आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. त्यांच्यावर आपण शिबिरं घेतली, पथनाट्यं केली. पण शिकलेल्या, कमावत्या, शहरातल्या बाईच्या बाबतीत हेच घडतं तेव्हा त्याला आपण ‘सहकार्य’ म्हणतो.

आणि हे रत्नागिरीत! २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात सर्वांत जास्त. त्याचं कारण सुखाचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या पुरुष मुंबईला गेले, गिरण्यांत, गोदीत, आता आणखी कुठे कुठे. मागे बाईने शेत केलं, गुरं सांभाळली, म्हातारी माणसं काढली, मनीऑर्डर येवो न येवो घर चालवलं, तलाठ्याकडे खेपा घातल्या. घरांचे घर बायकांच्या हातांवर उभे असलेल्या जिल्ह्यात सातबारावर नाव मात्र मुंबईतल्या माणसाचं. कारभार बाईचा आणि कागद पुरुषाचा, ही रीत आमच्या लाल मातीत मुरलेली आहे. क्लबात उलटं झालं, कागदावर बाई आणि कारभार पुरुषांचा, एवढाच काय तो फरक.

दर वर्षी अध्यक्ष बदलायचा, या पद्धतीत मला तरीही एक गोष्ट आवडते. कितीही मोठा माणूस असो, ३० जूनला त्याची पाटी उतरते. संस्था कुणाच्या नावावर चढत नाही. आपल्यातल्या किती जणींना हे जमलंय? पण त्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका क्लबाच्या मागे लागून एका शाळेत मुलींसाठी पॅडचं मशीन आणि वापरलेले पॅड जाळायची सोय करून घेतली. उद्घाटन झालं, मुलींना संकोच वाटला, पण सहा महिन्यांत त्या नीट वापरायला लागल्या. जुलै आला, नवे अध्यक्ष आले, त्यांचा विषय होता वृक्षारोपण. मशीनमध्ये पॅड भरायचे पैसे कुणी द्यायचे, बिघडलं तर दुरुस्त कुणी करायचं, हे कुठे लिहूनच ठेवलेलं नव्हतं. मागचे अध्यक्ष म्हणाले, आता माझं वर्ष नाही. नवे म्हणाले, तो मागच्या टीमचा प्रकल्प. मशीन अजून भिंतीवर आहे, त्यावर देणाऱ्यांची नावं स्वच्छ वाचता येतात. मुली पुन्हा पाळीच्या दिवसांत शाळा बुडवायला लागल्या. झाडंही त्या उन्हाळ्यात गेली, कारण पुढच्या जुलैला पाणी घालणारे बदलले.

इथपर्यंत लिहायला सोपं होतं. पुढचं लिहायचं म्हणून हा लेख दोन अंक लांबला.

आमच्या केंद्राची अध्यक्ष मी एकवीस वर्षं आहे. घटनेत कार्यकाळ तीन वर्षांचा लिहिलेला आहे. दर तीन वर्षांनी वार्षिक सभा होते, कुणी तरी म्हणतं ताईच राहू देत, टाळ्या वाजतात, मी “अगं, नको गं आता” म्हणते आणि राहते. कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं: पुढे येतंच नाही कुणी. तुमच्यापैकी अनेकींच्या जिभेवर हेच वाक्य असेल.

त्या सप्टेंबरातल्या संध्याकाळी मैत्रीण गेल्यावर गोळपची म्हातारी उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, काय गो? ती म्हणाली, “काय नाय. आपलं कपाट कोनाकडं हाय, ता इचार करतंय.”

कपाट माझ्या घरी होतं. केंद्राच्या पाटीवरचा फोन नंबर माझ्या घरचा होता. बँकेत दोन सह्या चालत, पण पासबुक माझ्या पर्समध्ये. पोलीस ठाण्यात नवा अधिकारी आला की त्याला भेटायला मी जायची, कारण “ताईंचा शब्द टाकला की काम होतं.” गेल्या एकवीस वर्षांतल्या प्रकरणांच्या नोंदी माझ्या अक्षरात, आणि त्यातल्या निम्म्या खुणा मलाच कळतील अशा. मी कुणाचं चेकबुक लपवलेलं नव्हतं. मीही अदबीनेच वागत होते. आमची एक कार्यकर्ती पूर्वी एकदा मासिक बैठकीत म्हणाली होती, “ताई, तुम्ही मुलीकडे गेलात की ऑफिस उघडं असतं, पण केंद्र बंद असतं.” मला ते कौतुक वाटलं होतं!

हीच कार्यकर्ती. चौदा वर्षांपूर्वी ती मिरकरवाड्यातून आमच्याकडे आली तेव्हा कडेवर मूल होतं आणि डोक्याला टाके. नवऱ्याने टाकलेली. आठवीपर्यंत शिकलेली. आधी मासळी विकून मग केंद्रात यायची. हळूहळू तिने सगळं काम शिकून घेतलं. कोर्टात जायला लागली, पंचनामा वाचायला लागली, कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज कसा भरायचा हे ती आता वकिलांच्या नव्या मुलांना सांगते. समोरच्या बाईला कधी बोलतं करायचं आणि कधी नुसतं शेजारी बसायचं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी कार्यकारिणीच्या बैठकीत म्हटलं, पुढच्या वेळी हिला अध्यक्ष करू या.

बैठक गप्प झाली. मग एकेक निघालं. देणगीदारांशी इंग्रजीत पत्रव्यवहार कोण करणार? कलेक्टर कचेरीत तिचं कुणी ऐकेल का? आणि शेवटी आमच्यातली एक, माझी जुनी मैत्रीण, मोर्च्यात माझ्या खांद्याला खांदा लावून चाललेली, अगदी सहज म्हणाली, “अगं, पण ती आपली केस होती ना?”

केस. आपण बाईला माणूस म्हणून वागवा असं जगाला सांगतो आणि आपल्या दप्तरात ती चौदा वर्षांनीही क्रमांक असते. यातलं जात, शिक्षण, राहायची वस्ती, सगळं त्या एका शब्दात होतं. ती तिथेच बसली होती, चहाचे कप गोळा करायला उठली होती म्हणा. मला लाज याची वाटते की मी त्या क्षणी काही बोलले नाही. विषय पुढच्या बैठकीवर टाकला. सभागृहात हसले होते तसंच हेही, सवयीने.

त्या रात्री मला कोसबाडची आठवण झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये अनुताई ताराबाईंकडे बोर्डीला आल्या, १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, ताराबाई १९७३ मध्ये गेल्या आणि त्यानंतर १९९२ मध्ये स्वतः जाईपर्यंत अनुताईंनी ते सांभाळलं, वाढवलं. अनुताई बालविधवा, पुढे शिकून शिक्षिका झालेल्या. अठ्ठावीस वर्षं दोघींनी बरोबर काम केलं. तिथे कॉलर नव्हती, आणि काम मात्र एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. आमच्याच जिल्ह्यात देवरुखला मावशी हळब्यांनी १९५४ मध्ये मातृमंदिर उभं केलं, त्यांच्यामागेही ते चालू राहिलं. मी अशा संस्थांची नावं भाषणांत नेहमी घेते. काम सुरू कसं केलं याच्या गोष्टी आपल्याला पाठ असतात. दुसऱ्याच्या हाती कसं दिलं, हे आपण त्यांना कधी विचारलं नाही.

पुढच्या बैठकीत मी बोलले. भांडण झालं, एकीने राजीनामा दिला, तो अजून परत घेतलेला नाही आणि तिची उणीव मला रोज जाणवते. पण ठरलं. १ एप्रिलपासून नवी अध्यक्ष, म्हणजे हिशेबाचं वर्षही तिचं पूर्ण, आणि लावणीच्या आत सगळं मार्गी. त्याआधीचं एक वर्ष तिने माझ्याबरोबर नव्हे, माझ्याऐवजी प्रत्येक ठिकाणी जायचं, आणि मी नुसतं मागे बसायचं. मागे बसणं किती कठीण असतं! पहिल्या दोन वेळा मी मध्ये बोललेच. तिसऱ्या वेळी तिने मला घरीच ठेवलं.

इतर संस्थांतल्या मैत्रिणींना उपयोग होईल म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी. नुसता ठराव करून भागत नाही. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेत विश्वस्त वा कार्यकारिणी बदलली की तो बदल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत कळवावा लागतो. याला बदल अर्ज म्हणतात, कलम २२. तो दिलाच नाही तर सरकारी दप्तरात जुनीच नावं राहतात, आणि पुढे भांडण झालं की तीच नावं बोलतात. अनेक महिला मंडळांच्या दप्तरात कधीच वारलेल्या बायका अजून कार्यकारिणीवर आहेत. सभेची सूचना, हजेरी, इतिवृत्त हे त्या वेळीच नीट लिहून ठेवा. बँकेतल्या सह्या बदला आणि पासबुक खरोखर दुसऱ्या हातात द्या. पाटीवरचा फोन केंद्राचा हवा, कुणाच्या घरचा नको. पोलीस ठाण्यात नव्या अध्यक्षाला घेऊन एकदा जा आणि पुढच्या वेळी जाऊ नका. इंग्रजी पत्रांचं म्हणाल तर आमच्याकडे कॉलेजमधली एक मुलगी येते, ती लिहून देते, आणि काय लिहायचं ते नवी अध्यक्ष सांगते. देणगीदार अजून तरी तुटलेले नाहीत.

औषध दुकानवाल्या मैत्रिणीचं वर्ष संपलं. ऑक्टोबरात तिने चेकबुक मागून नाही, जाऊन आणलं. मग फाइली. जाताना तिने पुढच्या अध्यक्षांना, ते पुरुष आहेत, वह्यांची यादी करून सगळं सुपूर्द केलं आणि पोच घेतली. त्यांना ते थोडं अपमानास्पद वाटलं, असं ऐकते. शाळेतल्या मशीनचा खर्च तिने तीन वर्षांसाठी ठरावात घालून घेतला आहे, आता ते चालू होतं का बघायचं.

आमच्याकडे बदल अर्जावर माझी सही लागणार होती. कागद माझ्या टेबलावर ठेवलेला होता. आज करू, उद्या करू करत मी ती सही एकोणऐंशी दिवस केली नाही. ऐंशीव्या दिवशी नवी अध्यक्ष मासळीचा बाजार आटोपून भर दुपारी घरी आली, पदराला हात पुसले आणि पेन उघडून माझ्यासमोर धरलं. काही बोलली नाही. मी सही केली. मग ती कपाटही घेऊन गेली, टेम्पो खाली उभाच होता.

तुमच्या गटात हे कसं झालं, किंवा का होत नाही, ते कळवा. पत्र केंद्राच्या पत्त्यावर पाठवा, माझ्या नको.